उशिरा येणारा ठिपका

९ जानेवारी २०२५, गुरुवार. देऊळघाट

ऑफिसच्या नोंदी वेगळ्या, त्या रोज शेखरला पाठवायच्या. ही वही माझी. इथे मला हवं तसं रडता येईल आणि हवी तेवढी स्वतःची पाठ थोपटून घेता येईल.

शेखर म्हणजे आमच्या टीमचा प्रमुख. माझ्याहून नऊ वर्षांनी लहान, पण बोलतो असा की जणू मलाच कालपरवा दुधाचे दात आलेत. निघताना म्हणाला, "लोक स्क्रीनवर बोट कुठे ठेवतात ते आपल्याला बसल्या जागी कळतं. मग डोळे कशाला मोजायचे? या वेळी काहीतरी ठोस आण, नाहीतर तुझं हे नजरेचं खातं बंद." मी हसले. अकरा वर्षं मी वेबसाइटवर माणसाची नजर कशी फिरते तेच बघत आलेय. मला दुसरं काही येत नाही.

काम सोपं आहे. शेतकऱ्यांनी घरबसल्या भाजी लिलावात लावावी आणि पहिली बोली आपणच लावावी अशी वेबसाइट आम्ही बनवतोय. ती इथल्या माणसांना दाखवायची आणि नजर कुठे थांबते ते टिपायचं. माहेर याच गावात, म्हणून मलाच धाडलं. स्क्रीनच्या खाली एक काळी पट्टी बसते, ती डोळे टिपते. नजर जिथे जास्त रेंगाळते तिथे नंतर नकाशात लाल डाग येतो, जिथे जातच नाही ती जागा करडी राहते.

दुपारी पुढच्या खोलीत मांडामांड केली. सुरुवातीला स्क्रीनवर एकेक करून नऊ ठिपके येतात आणि त्यांच्याकडे बघायचं असतं, म्हणजे यंत्र डोळ्यांना सरावतं. स्वतःवर करून बघितलं. आठ ठिपके झटपट आले. वरच्या ओळीतला डावा मात्र येईचना. मी वाट बघत बसले आणि मग तो एकदम उगवला. तीनदा केलं, तीनदा तेच. यंत्राला प्रवास मानवला नसावा. शेखरला कळवलंय.

आईच्या स्वयंपाकघरात ओट्यावरच्या कपाटाचं दार उघडं होतं, ते कपाळावर आदळलं. मागच्या दिवाळीलाही हेच दार लागलं होतं. आईला म्हटलं, तुझ्या घराला मी आवडत नाही.

११ जानेवारी

पहिल्या पाहुण्या शेजारच्या सत्यभामाबाई. त्यांना सांगितलं, वांगी विकायला लावून दाखवा. त्यांची नजर वांग्याच्या फोटोवर गेली ती तिथून हलेचना.

"सुचे, हे वांगं कोनी तोडलं?"

"फोटो आहे हो मावशी. पुढे बघा."

"पुढे काय पाहू? देठ सुकला त्याचा. दोन दिवसांचं शिळं हाय. अशा मालाले बोली लावून राह्यले का तुमी पुण्यात?"

नकाशात देठावर लालभडक डाग. आमच्या डिझायनरने तो फोटो कुठून तरी उचलला होता आणि ऑफिसात आठ जणांनी तो पास केला होता. अशा वेळी मला माझं काम फार आवडतं. बोटांनी हे कधीच कळलं नसतं.

ठिपक्याचं नवल म्हणजे सत्यभामाबाईंना नऊच्या नऊ बरोबर आले. म्हणजे यंत्र फक्त माझ्यावर रुसलंय.

१३ जानेवारी, सोमवार

आज बाबा बसले. पंजाबराव, वय अडुसष्ट, सव्वा दोन एकर भाजी, मेथी आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, यांत गावात हात धरणारा नाही. आई शेजारी खुर्ची ओढून बसली. बाबांनी सगळं धडाधड शोधलं. "बोली लावा"चं बटण उजवीकडे अगदी कडेला आहे, ते भल्याभल्यांना सापडत नाही, बाबांना चार सेकंदांत सापडलं. मी चाटच पडले.

मग रेकॉर्डिंग परत बघताना लक्षात आलं. आईचा हात बाबांच्या पाठीमागे. उजवीकडे बघायचं असलं की ती उजवा खांदा दाबते, डावीकडे असलं की डावा. मला असा राग आला! सगळी नोंद बाद.

"आई, हे काय चाललंय? परीक्षेत कॉपी पुरवतात तशी?"

"सवय हाय व माय," आई म्हणाली. "गाडीवर मांगं बसते नं मी त्यायच्या. तवापासून हात जाते."

हे खरंच. आई गेली दोन वर्षं बाबांच्या मोटरसायकलवर बुलढाण्याच्या बाजाराला जाते. पूर्वी कधी जात नसे. पुढे ते, मध्ये भाजीची पोती, मागे ही, आणि सगळा रस्ता त्यांचे खांदे थोपटत. मी त्यांना चिडवायची, म्हातारपणी प्रेमाला भरती आली म्हणून.

१४ जानेवारी, संक्रांत

सकाळी इंद्रभानकाका आले. बाबांचे लहानपणापासूनचे सोबती, शेताला शेत लागून. बाबा मळ्यात होते. काकांनी तिळगूळ माझ्याच हातात ठेवला आणि चहा नको म्हणाले.

"तुया बापाले सांगजो, पोरगी पुण्यात साहेब झाली म्हून एवढं फुगू नाई. बाजूनं जातो मी, राम राम घालतो, तं हा मान वळवून पाहत नाई. काऊन? काय वाकडं केलं मी याचं?"

बाबांना विचारलं तर तेच उखडले. "तोच बोलत नाई मले! कधी येते, कधी जाते, पत्ता नाई त्याचा." साठ वर्षांची दोस्ती आणि दोघे लहान पोरांसारखे कट्टी घेऊन बसलेत. मला वाटतं दोन शेतांमधल्या धुऱ्यावरच्या बाभळीवरून काहीतरी बिनसलंय. आईला विचारलं तर तिने विषय बदलला.

संध्याकाळी आईने बाबांपुढे तिळगुळाची वाटी धरली. त्यांचा हात वाटीच्या बाजूला हवेत गेला. आईने वाटी हळूच हाताखाली सरकवली. मी मोबाइलमध्ये होते, सहज दिसलं म्हणून लिहितेय.

१६ जानेवारी, गुरुवार

आजचा दिवस मी विसरणार नाही!

आईला सत्यभामाबाईंकडे पिटाळलं आणि बाबांना एकटं बसवलं. ते सारखी मान फिरवत होते, मान हलली की पट्टीला डोळे सापडत नाहीत. म्हणून मी त्यांना मान स्थिर ठेवायला लावली. "फक्त डोळे फिरवा, बाबा." सहा मिनिटं झाली. "बोली लावा" सापडलंच नाही. सातव्या मिनिटाला बाबांनी टेबलावर हात आपटला.

"नाई हाय तठी काहीच! रिकामं हाय. उगीच काऊन बसवून ठेवलं मले?"

ते उठून गेले. दारात बादली होती, तिला पाय लागला, पाणी घरभर. माझं लक्ष नव्हतं. मी नकाशा बघत होते. अकरा वर्षांत असा नकाशा बघितला नाही. मधोमध एक गोल, लालबुंद, बांगडीएवढा. त्याच्या बाहेर काही नाही. जिथे बघायचं तिथेच बघायचं, कडेला नजर भरकटूच द्यायची नाही. आयुष्यभर एकाच वाफ्याकडे बघून निंदणी केलेल्या माणसाची नजर आहे ही, असं मी अहवालात लिहिलंसुद्धा. वाक्य जरा नाटकी आहे, पण राहू दे.

निष्कर्ष असा, की वयस्क शेतकरी पडद्याच्या कडेला बघतच नाहीत. सगळं मधोमध आणा.

१७ जानेवारी

शेखरचा फोन. खूश. एवढं खूश मी त्याला कधी ऐकलं नाही. "सुचिता, हे चित्रच पुरेसं आहे. मोठ्या साहेबांना पहिल्या पानावर हेच दाखवतो."

मी म्हटलं, एका माणसाचं आहे, अजून थोडे होऊ देत. कारण खरं सांगायचं तर काल दुपारी इंद्रभानकाकांचीही नोंद घेतली. वय बाबांएवढंच, आणि त्यांची नजर स्क्रीनभर कोंबडीसारखी हिंडली, चारही कोपरे टिपून आली. तो कागद मी फाइलच्या तळाशी सरकवला. हे सांगितल्यावर शेखर म्हणाला, "काकांचं राहू दे. बाबांची गोष्ट चांगली आहे." तळाशी सरकवताना मला काहीतरी टोचलं, ते इथे लिहून ठेवते.

१९ जानेवारी, रविवार

बाबांचा नकाशा मोठा छापून भिंतीला लावला होता. आई केर काढता काढता त्याच्यासमोर थांबली. विचारलं, हे काय. सांगितलं, बाबा एवढंच बघतात, या लाल गोलाच्या आतलं. आई किती तरी वेळ बघत राहिली. झाडू हातातच.

"एवढुसंच?"

"हो. किती एकाग्र आहेत बघ."

"हे काढ भिंतीवरून. कोनाले दाखवू नको."

"पुण्याला पाठवलंसुद्धा."

आईचा चेहरा उतरला. "माणसाची नजर अशी कागदावर काढून लोकायले दाखवतेत का? फाडून टाक म्हनते नं मी."

तिला दृष्ट वगैरे वाटत असणार. मी हसले आणि तिला जवळ घेतलं. गंमत बघा, आजीसुद्धा, म्हणजे बाबांची आई, शेवटी शेवटी डोळ्यांबद्दल बोलू द्यायची नाही. तिला म्हातारपणी अजिबात दिसेनासं झालं होतं. मोतीबिंदूचं ऑपरेशन केलं तरी उजेड परत आला नाही.

यंत्र अजून बिघडलेलंच. माझ्या वेळी तो डावा ठिपका आजही उशिरा आला. आत्तापर्यंत पंधरा माणसं बसली, बाबा सोडले तर एकाचंही काही अडलं नाही.

२० जानेवारी

उद्या आठ बायका एकत्र येणार आहेत. आई घरात असल्याशिवाय त्या बसणार नाहीत. आई म्हणते, मी उद्या थांबू शकत नाही, मेथी काढायची आहे, ह्यांच्याबरोबर बाजाराला जायचंय.

"बाबांना चाळीस वर्षं एकट्याने बाजार जमला. एक दिवस तू गेली नाहीस तर काय बिघडेल?"

"तुले नाई समजत."

"मग समजाव."

आईने बाबांकडे बघितलं. बाबा जेवत होते. त्यांनी ताट सरकवलं आणि म्हणाले, "मी काय लहान लेकरू हाय? थांब तू पोरीजवळ. जातो मी एकटा." आईच्या डोळ्यांत पाणी आलं. मला तो हट्टीपणा वाटला आणि मी तसं बोलूनही दाखवलं. जिंकले मीच.

२१ जानेवारी, मंगळवार

बाबा सातला गेले, चांगलं उजाडल्यावर. आई फाटकापर्यंत गेली आणि गाडी दिसेनाशी झाली तरी उभी होती.

बायकांचं काम उत्तम झालं. शेवटी आईलाच बसवलं. तिची नोंद वाया गेली, कारण तिची नजर स्क्रीनवर ठरेना, सारखी दाराकडे. दहा मिनिटांत एकवीस वेळा. मी म्हटलं, आई, माझ्या कामाची तुला जरा तरी किंमत आहे का?

साडेदहा झाले. बाबा नऊपर्यंत यायला हवे होते. आई बाहेर उभी आहे. इंद्रभानकाका गाडी पिटाळत इकडेच येताना दिसतायत.

२३ जानेवारी, गुरुवार. बुलढाणा

काल लिहिता आलं नाही.

बाजारातून परत येताना, बुलढाण्याच्या अलीकडेच, रस्त्याच्या डाव्या कडेला कापसाची ट्रॉली उभी होती. चालक चहा प्यायला गेला होता. स्वच्छ ऊन, सरळ रस्ता. बाबा तिच्या कोपऱ्यावर जाऊन धडकले. गळपट्टीचं हाड मोडलंय, कपाळाला अकरा टाके, डाव्या हाताची दोन बोटं चेंगरली. डॉक्टर म्हणाले, वाचले. दवाखान्यात जमलेली माणसं एकमेकांत बोलत होती, एवढी मोठी ट्रॉली दिवसाढवळ्या दिसली नाही म्हणजे घेतली असणार. माझे बाबा सुपारीसुद्धा खात नाहीत.

शुद्धीवर आल्यावर बाबा एकच सांगत राहिले.

"नव्हतीच ती तठी. रस्ता रिकामा होता. एकदम आली."

"बाबा, उभी होती ती."

"म्या पाह्यलं नं! नव्हती. एकदम आली."

आई त्यांच्या उशाशी बसून त्यांचा उजवा खांदा थोपटत होती. मग तिने माझ्याकडे बघितलं आणि सगळं सांगितलं. दोन वर्षं झाली. आधी दाराची चौकट लागायची, मग ताटातली भाकर चाचपडायचे. डोळे दाखवा म्हटलं की म्हणायचे, मायसारखं आंधळं ठरवून लोक कोपऱ्यात बसवतील मले. आईला शपथ घातली होती. म्हणून ती मागे बसायची. डावीकडून काही आलं की डावा खांदा, उजवीकडून आलं की उजवा.

"मी डोये होती त्यायचे," आई म्हणाली. "अन् तू मले घरी थांबवलं."

तिने हे रागाने म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

२४ जानेवारी

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी बाबांना तपासलं. काचबिंदू, दोन्ही डोळ्यांत, फार पुढे गेलेला. मी फोनमधला तो लाल गोल त्यांना दाखवला. त्यांनी तो मोठा करून बघितला, मग आपल्या यंत्रातून आलेला कागद शेजारी ठेवला. दोन्ही चित्रं सारखी होती. त्यांनी विचारलं, हा कधीचा? मी सांगितलं, आठ दिवसांपूर्वीचा. त्यांनी फोन माझ्या हातात परत दिला.

मग शांतपणे समजावलं. "गेलेली नजर येणार नाही. उरलेली थेंबांनी टिकवता येईल. या आजारात माणसाला काळं दिसत नाही. मेंदू रिकामी जागा आजूबाजूच्या रंगाने भरून टाकतो. म्हणून त्यांना रस्ता रिकामाच दिसला असणार. ते खोटं बोलत नाहीत."

निघताना म्हणाल्या, "हा घराण्यातून येतो. तुम्हीही तपासून घ्या. वय काय तुमचं?"

"सदतीस. मला अगदी स्वच्छ दिसतं."

"बाबाही मला हेच म्हणाले," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, आधी बाबांचं होऊ दे.

२५ जानेवारी

इंद्रभानकाका कालपासून दवाखान्यातून हललेले नाहीत. बाबांच्या अगदी समोर, मधोमध स्टूल घेऊन बसतात आणि दर थोड्या वेळाने म्हणतात, "मी हाय बरं पंजाब, अठीच हाय." मला रडू आवरलं नाही.

शेखरला लिहिलं, तो नकाशा मागे घ्या, तो आजाराचा आहे, निष्कर्ष चुकीचा आहे. त्याचा फोन आला. बाबांची चौकशी मनापासून केली. मग म्हणाला, "पण सुचिता, सगळं मधोमध आणलेली साइट कालच चाचणीला लावली आणि लोक जुन्या मांडणीपेक्षा दुपटीने बोली लावतायत. तू जिंकलीस. तुझं खातं पक्कं झालं." मी फोन ठेवला. याच बातमीसाठी मी इथे आले होते.

२६ जानेवारी, रविवार. देऊळघाट

कपडे न्यायला आई आणि मी घरी आलो. शाळेतून लाउडस्पीकरचा आवाज येत होता. पुढच्या खोलीत यंत्र तसंच मांडलेलं. आवरायला बसले आणि आवरलं नाही. नऊ तारखेची फाइल उघडली. माझी.

ठिपका उगवल्यापासून नजर पोचायला किती वेळ लागला हे यंत्र लिहून ठेवतं. आठ ठिपक्यांना पाव सेकंदाच्या आसपास. वरच्या ओळीतल्या डाव्याला चार सेकंद. एकोणीस तारखेला पुन्हा चार. मग बाकी सगळ्यांच्या फाइली एकेक करून उघडल्या. सत्यभामाबाई, पाव. इंद्रभानकाका, पाव. चोवीस माणसं, बाबा सोडून, सगळ्यांना पाव.

कपाटाचं ते दार. मागच्या दिवाळीलाही डावीकडूनच.

मी आईला हाक मारली. म्हटलं, इथे माझ्या मागे उभी राहा, स्क्रीनकडे बघ आणि ठिपका आला की फक्त "आला" म्हण. काही विचारू नको. ती पदराला हात पुसत आली. मी ठिपके सुरू केले.

"आला," आई म्हणाली. मला दिसला. "आला." दिसला. मधला, उजवा, खालचे तिन्ही, सगळे दिसले. आईचा आवाज आणि माझी नजर बरोबर चालली होती. मला हसू यायला लागलं होतं.

"आला," आई म्हणाली.

स्क्रीन पांढरी होती. स्वच्छ, रिकामी.

"आला नं," आई म्हणाली. "सुचे, कवाचा आला. पाह्य नं तिकडे."

मी डोळे फाडून बघत होते. तिथे काही नव्हतं.

मग तिचा हात माझ्या डाव्या खांद्यावर आला आणि तिने तो हलकेच दाबला.